झाडाच्या आत काय असतं ते स्वतः कापून बघा: नवख्यांसाठी पायरीपायरीनं

अकरावीच्या जीवशास्त्रात सपुष्प वनस्पतींच्या अंतर्रचनेचा एक धडा असतो. बहुतेक पोरं तो आकृत्या पाठ करून काढतात: द्विदल खोड, एकदल खोड, द्विदल मूळ, एकदल मूळ. परीक्षेपुरतं जमतं. पुढे बीएस्सीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी अनोळखी स्लाइड लावली की मात्र पाठ केलेली आकृती कुठेच सापडत नाही. हा लेख त्या पोरांसाठी आहे, आणि नर्सरीत, शेतात काम करणाऱ्यांसाठीसुद्धा. मर, कलम, टिश्यू कल्चर हे शब्द त्यांच्या रोजच्या तोंडात असतात, पण ते झाडाच्या नेमक्या कुठल्या भागात घडतं हे कधी उघडून पाहिलेलं नसतं.

संपूर्ण लेखात एकच सवय लावून घ्यायची आहे. ऊती, म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह, दिसली की तिचं नाव आठवायला बसू नका. आधी ती कुठे आहे ते बघा. बाहेरून कितवा थर, कोणाच्या शेजारी, तोंड आत की बाहेर. जागा कळली की नाव बहुतेक वेळा सापडतंच.

पहिली पायरी: सूक्ष्मदर्शकाशिवाय

सुरुवात लाल शाईनं करा. तेरड्याची कोवळी, पानांसकट फांदी घ्या आणि पोटरीत आलेल्या ज्वारीचं एक ताट पानांसकट घ्या. दोन्हींचा खालचा भाग बादलीतल्या पाण्यात बुडवून, पाण्याखालीच पुन्हा तिरपा कापा. हवेत कापलं तर नळ्यांमध्ये हवा शिरते आणि पाणी चढायचं थांबतं. मग दोन्ही गडद लाल शाईच्या पाण्यात उभी करा आणि वारा-उजेड असलेल्या जागी ठेवा. पानांतून बाष्प बाहेर पडेल तेव्हाच शाई वर ओढली जाईल, म्हणून अंधाऱ्या खोलीत हा प्रयोग रखडतो.

काही तासांनी मधून आडवं कापा. तेरड्यात लाल ठिपके कडेनं गोल वर्तुळात दिसतील. ज्वारीत ते सगळीकडे विखुरलेले असतील, कडेला दाटीनं आणि मध्ये विरळ. द्विदल आणि एकदल खोडातला सगळ्यात मोठा फरक तुम्ही नुसत्या पात्यावर आणि शाईवर बघितला. ते लाल ठिपके म्हणजे झायलेम, मुळाकडून वर पाणी नेणारी ऊती. तिच्या जोडीला फ्लोएम असते. पानात तयार झालेली साखर ती झाडभर नेते, पण शाईनं ती रंगत नाही. झायलेम आणि फ्लोएम ही दोन्ही नावं कार्ल नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८५८ मध्ये दिली.

ऊस खातानाही हेच हातात येतं. रस मूल ऊतीच्या (पॅरेन्कायमा, पातळ भिंतीची साधी ऊती) पेशींमधला, आणि थुंकायचा चोथा म्हणजे झायलेम-फ्लोएमचे जुडगे आणि त्यांच्याभोवतीच्या कठीण पेशींची आवरणं.

दुसरी पायरी: सामान

फार काही लागत नाही. दाढीचं नवं पातं (एका बाजूला चिकटपट्टी लावून घ्या), चहाच्या दोनतीन बश्या, बारीक ब्रश, ड्रॉपर, स्लाइड आणि कव्हर स्लिप. सॅफ्रॅनिन हा रंग लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. एक टक्क्याचं पाण्यातलं द्रावण पुरतं. ग्लिसरीन मेडिकलमध्ये मिळतं, टिंचर आयोडिनही तिथेच. पात्यावर काटकसर करू नका. बोथट पात्यानं पेशी कापल्या जात नाहीत, चिरडल्या जातात, आणि चिरडलेल्या सेक्शनवर (कापावर) तासभर डोळे फोडण्यात अर्थ नाही.

सूक्ष्मदर्शक कॉलेजचा असेल तर १० आणि ४० च्या वस्तुभिंगावर सगळं भागतं. १० च्या नेत्रिकेसोबत १०० आणि ४०० पट. घरी काहीच नसेल तर कागदी फोल्डस्कोप बघा. तो मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात बनवला आणि साधारण १४० पट मोठं दाखवतो. जुडग्यांची मांडणी, पर्णरंध्रं, झायलेमच्या नळ्या त्यात व्यवस्थित दिसतात.

तिसरी पायरी: कापणं

हात इथेच बसवायचा असतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा घ्या. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत तो सरळ उभा धरा. तर्जनीची कड अंगठ्यापेक्षा थोडी वर हवी, म्हणजे पातं तिच्यावर टेकून सरकतं आणि अंगठा वाचतो. तुकड्याचं टोक आणि पातं दोन्ही पाण्यानं ओलं करा. पहिला काप टोक सपाट करण्यापुरता, तो टाकून द्या. मग पातं आडवं, अगदी सपाट ठेवून स्वतःकडे एका दमात ओढा. दाबायचं नाही आणि करवतीसारखं पुढे-मागे तर मुळीच करायचं नाही. सरकवायचं. पातं ओलं ठेवत एकापाठोपाठ वीस-पंचवीस काप घ्या आणि ब्रशनं बशीतल्या पाण्यात सोडा.

आता निवड. नवखा माणूस हमखास पूर्ण गोल, सुबक सेक्शन उचलतो, आणि तोच जाड असतो. बशी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि जो काप जवळजवळ दिसतच नाही तो उचला. पाव तुकडा असला तरी चालेल. एका पेशीच्या जाडीची कड मिळाली की काम झालं, कारण गोल खोडात उरलेल्या तीन भागांत तेच पुन्हा असतं.

काप तिरका गेला तर झायलेमच्या नळ्या गोल न दिसता लांबट दिसतात. तसं दिसलं तर पुढचे काप घेताना मनगट सरळ करा. पान कापायचं असेल तर ते नुसतं धरून कापलं जात नाही; बटाट्याच्या किंवा गाजराच्या तुकड्याला खाच पाडून पानाची पट्टी तिच्यात अडकवा आणि दोन्ही मिळून कापा.

सामानाबद्दल एक-दोन सूचना. गाजर गवत बांधावर कितीही फुकट मिळत असलं तरी हातात घेऊ नका, अंगावर ॲलर्जी उठते. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कण्हेर विषारी आहे. कापल्यावर हात साबणानं धुवा.

चौथी पायरी: रंग आणि माउंट

निवडलेले काप सॅफ्रॅनिनमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यात धुवा, पाणी रंगायचं थांबेपर्यंत. सॅफ्रॅनिन लिग्निनला, म्हणजे पेशीची भिंत लाकडासारखी कठीण करणाऱ्या द्रव्याला, धरून बसतं. लिग्निन असलेल्या भिंती, म्हणजे झायलेम आणि दृढ ऊती (जाड, कठीण भिंतींच्या पेशी), लालभडक राहतात. बाकीच्यांचा रंग धुण्यात उतरतो. सगळंच लाल दिसत असेल तर तुम्ही कमी धुतलंय.

स्लाइडवर ग्लिसरीनचा एक थेंब, त्यात सेक्शन, वरून कव्हर स्लिप. स्लिप एका कडेवर टेकवून सुईच्या आधारानं हळूहळू खाली सोडा. धाडकन टाकली तर बुडबुडे येतात. बुडबुडा म्हणजे जाड काळ्या कडेचा अगदी गोल पोकळ वर्तुळ. पहिल्या दिवशी वर्गातलं निम्मं जण त्यालाच पेशी समजून काढतात.

पाचवी पायरी: स्वयंपाकघरातल्या आणि बांधावरच्या ऊती

अवयव बघण्याआधी सुट्या ऊती ओळखून घ्या. त्यासाठी लांब जायला नको.

मूल ऊती: बटाट्याचा पातळ काप, त्यावर आयोडिनचा पातळ केलेला थेंब. पातळ भिंतीच्या पेशी आणि त्यात निळेकाळे स्टार्चचे कण. साठवण हे मूल ऊतीचं काम, आणि बटाट्यात तुम्ही तेच खाता.

स्थूलकोन ऊती: तुळशीची कोवळी काडी बोटांत फिरवून बघा, ती चौकोनी लागते. त्या चार कोपऱ्यांत, त्वचेच्या अगदी खाली, कोपऱ्यांत जाड झालेल्या भिंतींच्या जिवंत पेशींचा गठ्ठा असतो. या ऊतीमुळे कोवळी फांदी वाकते पण मोडत नाही. काडी मंजिरीसोबत सकाळीच मागून घ्या. संध्याकाळी तुळस तोडली तर आजी स्लाइड बघू देणार नाही.

दृढ ऊती: पेरूचा कचकचणारा गर किंचितसा स्लाइडवर चिरडा आणि सॅफ्रॅनिन लावा. भिंत इतकी जाड की मधली पोकळी नावालाच उरते, आणि भिंतीतून आरपार जाणाऱ्या बारीक नलिका दिसतात. या अश्मपेशी. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ खाताना सालीजवळ जी रेव दाताखाली येते, तीही याच पेशींची.

दृढ ऊतीचा दुसरा प्रकार म्हणजे तंतू. अंबाडी आणि तागाचा वाख हा फ्लोएमच्या बाजूचा तंतू आहे, म्हणजे सालीतला, लाकडातला नव्हे. अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात बुडवून ठेवतात तेव्हा मऊ पेशी आणि त्यांना जोडणारं पेक्टिन जिवाणू कुजवतात. जाड भिंतीचे तंतू मात्र तसेच राहतात. त्यांचाच वाख निघतो आणि त्याचाच कासरा वळतात.

कापूस मात्र यात धरू नका. तो खोडातला तंतू नाहीच. सरकीच्या बाहेरच्या त्वचेतली एकच पेशी लांबत जाते आणि तिचा एक धागा होतो. पावडर किंवा रंग काही न लावता, कापसाच्या बोंडातला एक धागा ओढून हातात धरा: अडीच-तीन सेंटिमीटरची एकच पेशी, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. आपल्याकडे एवढा कापूस पिकतो, पण पुस्तकात पेशीचं उदाहरण म्हणून कांद्याचीच साल येते, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पऱ्हाटी हातात असतानाच तिचं पान उजेडासमोर धरा. बारीक काळे ठिपके दिसतील. त्या ग्रंथी आहेत, आणि त्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. सरकीच्या गरातही तेच ठिपके असतात. गुरं ते बऱ्यापैकी पचवतात, कोंबड्यांना आणि माणसाला झेपत नाही. म्हणून सरकीचं तेल शुद्ध केल्याशिवाय खात नाहीत.

सहावी पायरी: हरभऱ्याचं मूळ

आता पहिला पूर्ण अवयव. आपल्याकडे रब्बीत हरभरा घरोघरी असतो आणि मूळ शिकायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. मोड आणण्यासाठी भिजवतो तसाच भिजवा, ओल्या फडक्यात बांधा, आणि मूळ चार-पाच सेंटिमीटर होईपर्यंत थांबा. काप टोकाच्या जवळ घेऊ नका. टोकाला विभाजी ऊती असते, तिथे पेशी अजून वाटण्यातच गुंतलेल्या असतात आणि झायलेम तयारच झालेली नसते. टोकापासून दीड-दोन सेंटिमीटर वर कापा.

१०० पटीवर बाहेरून आत या. सगळ्यात बाहेर एक थर, त्यातल्या काही पेशी लांब केसांसारख्या बाहेर आलेल्या: मूलकेस. त्याच्या आत रुंद पट्टा मूल ऊतीचा, मध्ये मोकळ्या फटी. मग अचानक एक घट्ट, एकाच पेशीचा थर येतो. हा एंडोडर्मिस. ४०० पटीवर या थराच्या उभ्या भिंती बघा: त्यांच्यावर लालसर ठिपका किंवा रेघ दिसेल. ही कॅस्पेरियन पट्टी. रॉबर्ट कॅस्पेरीनं १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं. ही पट्टी पाणी अडवते. बाहेरच्या पट्ट्यात पाणी पेशींच्या भिंतींमधून मोकळेपणानं येतं, पण इथून पुढे आडवाटेनं जाता येत नाही. पेशीच्या पटलातूनच जावं लागतं. खतातला कुठला क्षार किती आत घ्यायचा हे या एका थरात ठरतं.

एंडोडर्मिसच्या आत आणखी एक थर, पेरिसायकल. बाजूची मुळं इथूनच उगवतात, आतून बाहेर साल फोडून. फांदीचा कोंब वरच्या थरांतून येतो. मूळ आतून येतं. उपमुळं झायलेमच्या टोकांसमोर फुटतात, म्हणूनच ती मुळावर ओळींत लागलेली दिसतात.

आणि मधोमध झायलेम. हरभऱ्यात तिची साधारण चार टोकं असतात, आणि दोन टोकांच्या मधल्या खोबणीत फ्लोएम. इथे थांबा आणि जागा नीट बघा, कारण पुढचं सगळं यावर आहे. झायलेम आणि फ्लोएम एकामागे एक नाहीत, शेजारीशेजारी, वेगवेगळ्या त्रिज्यांवर आहेत. आणि झायलेममधल्या बारीक, आधी तयार झालेल्या नळ्या बाहेरच्या टोकाला आहेत. रुंद, नंतरच्या नळ्या आत. हे दोन मुद्दे दिसले की ते मूळ आहे, मग वनस्पती कुठलीही असो.

ज्वारीच्या किंवा मक्याच्या मुळातही हेच नियम, फक्त टोकं चारऐवजी पुष्कळ आणि मधोमध भेंड. तेवढ्यावरून एकदल ओळखायचं.

सातवी पायरी: ज्वारीचं ताट आणि सूर्यफुलाचं खोड

खोडात नियम उलटतो. झायलेम आणि फ्लोएम एकाच त्रिज्येवर, एकाच जुडग्यात, फ्लोएम बाहेर आणि झायलेम आत. आणि बारीक जुन्या नळ्या आतल्या बाजूला.

ज्वारीचं ताट कापताना पेराच्या मधला भाग घ्या, कांड्याच्या गाठीवर मांडणी गुंतागुंतीची असते. कडेला त्वचेखाली दृढ ऊतीचे दोन-तीन थर, लाल. आत सगळीकडे मूल ऊती आणि तिच्यात जुडगे. एक जुडगा ४०० पटीवर आणा. तो हुबेहूब माकडाचं तोंड दिसतो: दोन मोठ्या नळ्या डोळे, खाली फाटलेली पोकळी तोंड, आणि कपाळाच्या जागी फ्लोएम. आता स्लाइड सरकवत दहा-पंधरा जुडगे बघा. प्रत्येकाचं कपाळ बाहेरच्या बाजूला असेल. मांडणी विखुरलेली दिसते, पण दिशा सगळ्यांची एकच. प्रॅक्टिकलला तुकडा मोडका आला, कड दिसत नसली, तरी बाहेर कुठलं हे कपाळावरून कळतं.

या जुडग्यांत झायलेम आणि फ्लोएम यांच्यामध्ये कॅम्बियमचा, म्हणजे नव्या पेशी तयार करून खोड जाड करणारा, थर नाही. म्हणून ज्वारी कधी लाकडी खोड करत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर नेहमीच्या पद्धतीनं कलम बांधता येत नाही. उंची मात्र ती दुसऱ्या तऱ्हेनं वाढवते: कांड्याजवळ, पेराच्या बुडाशी वाढती ऊती शिल्लक असते. वादळात आडवी झालेली कोवळी ज्वारी काही दिवसांत कांड्यातून वाकून पुन्हा मान वर करते ती त्यामुळेच. गुरांनी वरून खाल्लेली हराळी पुन्हा वाढते त्यामागेही पानाच्या बुडाची हीच ऊती.

सूर्यफुलाचं कोवळं खोड (नसेल तर एरंडाची कोवळी फांदी) कापलं की जुडगे वर्तुळात दिसतात. त्वचेखाली स्थूलकोन ऊती, आत मूल ऊती, मग स्टार्च असलेल्या पेशींचा एक थर. त्याला आयोडिन लावलं तर निळी कडी उठून दिसते. प्रत्येक जुडग्याच्या बाहेरच्या टोकाला तंतूंची लाल टोपी. आणि झायलेम-फ्लोएमच्या मध्ये चपट्या, पातळ भिंतीच्या पेशींची एक बारीक पट्टी: कॅम्बियम.

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या दृष्टीनं सांगायचं तर अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून दुय्यम वाढीचा भाग छाटला गेलाय. तरी तो समजून घ्या, कारण खोड जाड का होतं हे त्याशिवाय कळत नाही. कॅम्बियम आत झायलेम टाकत जातं आणि बाहेर फ्लोएम. आतली झायलेम साठत जाऊन लाकूड होते. जुनी बाभूळ कापली तर बाहेर फिकट पट्टा आणि आत लालसर तपकिरी गाभा दिसतो. पाणी वाहतं ते बाहेरच्या पट्ट्यातून. गाभ्याच्या नळ्या बंद पडलेल्या असतात. गाभा टिकाऊ म्हणून औताला आणि गाडीला तोच घेतात.

आठवी पायरी: पान

पानाचं दोन तऱ्हेनं बघा.

एक, पर्णरंध्रं. जास्वंदीच्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, पारदर्शक चिकटपट्टीनं उचला आणि स्लाइडवर चिकटवा. मूत्रपिंडाकृती रक्षक पेशींच्या जोड्या दिसतील. मग ज्वारीच्या पानाचं तसंच करा: रंध्रं सरळ ओळींत आणि रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या. दोन ठसे शेजारी ठेवले की कुठला एकदल हे कोणाला विचारावं लागत नाही.

दोन, आडवा काप. ज्वारीच्या पानात प्रत्येक जुडग्याभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचं कडं असतं. याला क्रान्झ रचना म्हणतात आणि ती सी-४ पिकांची खूण: ज्वारी, बाजरी, मका, ऊस. या कड्याच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड दाटीनं पोचवला जातो, म्हणून रंध्रं अर्धी मिटलेली असली तरी साखर बनवणं चालू राहतं. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, हरभरा, गहू यांच्यात हे कडं तसं नसतं. उघडीप पडली की आधी सोयाबीन मान टाकतं आणि ज्वारी तग धरते, त्यामागे मुळांची खोली वगैरे इतर कारणं आहेतच, पण हे कडंही एक कारण.

त्याच कापात ज्वारीच्या वरच्या त्वचेत मधूनमधून फुगीर, रिकाम्या दिसणाऱ्या पेशींचा गट शोधा. पाणी कमी पडलं की या पेशी आधी मऊ पडतात आणि पान सुरळीसारखं मिटतं. भर दुपारी शेतात दिसणारी ती गुंडाळलेली पानं या पेशींमुळे.

नंतर हौस म्हणून कण्हेर आणि जलपर्णी शेजारी ठेवून बघा. कण्हेरीत रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला खोल खड्ड्यांत, वर केस. पाणी वाचवायची सगळी तयारी. जलपर्णीचा फुगीर देठ गोदावरीकाठी सहज मिळतो, त्यात मात्र हवेचे कप्पेच कप्पे आणि झायलेम अगदी किरकोळ. पाण्यातच राहायचं तर पाणी वर ओढणारी यंत्रणा कशाला हवी?

हे शेतात कुठे लागतं

मर. तुरीचं झाड वाळत असेल तर बुडाशी साल सोलून खोड उभं चिरा. लाकडात तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या तर फ्युजेरियम बुरशी झायलेममध्ये शिरली आहे आणि पाण्याचा रस्ता तुंबला आहे. त्यावर वरून फवारून काही होत नाही, कारण रोग नळ्यांच्या आत आहे. प्रतिकारक वाण हाच मुख्य मार्ग. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीएसएमआर-७३६, बीएसएमआर-८५३ आणि बीडीएन-७११ हे वाण त्यासाठीच लोक विचारतात. पऱ्हाटीची आकस्मिक मर वेगळी. लांब उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला किंवा एकदम पाणी दिलं की हिरवं झाड अचानक मान टाकतं, पण खोड चिरलं तर आत रेघा नसतात. इथे नळ्या तुंबलेल्या नाहीत, पाणी साचून मुळं गुदमरलेली आहेत. उपाय पाणी काढून देण्याचा. बुरशीनाशकाच्या दुकानात जाण्याआधी पात्यानं हे बघून घ्या.

कलम. मोसंबीचा डोळा बांधताना साल सुटली पाहिजे असं माळी म्हणतात. साल सुटते ती कॅम्बियमच्या रेषेवर, कारण वाढीच्या दिवसांत त्या थराच्या पेशी कोवळ्या आणि नाजूक असतात. केशर आंब्याच्या कलमातही खुंटाचं आणि काडीचं कॅम्बियम निदान एका बाजूनं जुळलं पाहिजे. नुसतं लाकडाला लाकूड बांधून उपयोग नाही. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध न ठेवता एका कडेला का सरकवतात, हे त्यावरून कळेल.

झाडाची साल गोल काढली तर झाड लगेच मरत नाही, पानं बराच काळ हिरवी राहतात. सालीबरोबर फ्लोएम जाते, झायलेम आतच असते. पाणी चढत राहतं, पण साखर मुळांपर्यंत उतरत नाही. कापाच्या वरच्या ओठाला सूज येते आणि मुळं उपाशी मरतात, मग झाड.

टिश्यू कल्चर. अर्धापूरकडची केळीवाली मंडळी रोपं घेतात ती कोंबाच्या अगदी टोकाच्या विभाजी ऊतीपासून वाढवलेली. त्या टोकाच्या शेवटच्या भागात झायलेम-फ्लोएम अजून बनलेलीच नसते, आणि विषाणू झाडभर फिरतात ते मुख्यतः फ्लोएममधून. त्यामुळे तो बारीक तुकडा निरोगी असण्याची शक्यता जास्त. तरी मातृझाड तपासलेलं आहे का, हे रोपं घेताना विचाराच.

स्लाइड ठेवायच्या कशा

ग्लिसरीनमधली स्लाइड काही आठवडे सहज टिकते. कव्हर स्लिपच्या चारही कडांना नेलपॉलिश लावून बंद केली तर आणखी टिकते; आधी कडेचं सांडलेलं ग्लिसरीन टिपकागदानं पुसा, नाहीतर पॉलिश धरत नाही. लेबलवर वनस्पतीचं नाव, अवयव, टोकापासून किती अंतरावर कापलं, आणि तारीख लिहा. आकृती काढताना पूर्ण गोल भरत बसू नका. सबंध सेक्शनचा नुसता आराखडा काढा, आणि शेजारी त्यातल्या एकाच फोडीतल्या पेशी नीट काढा, दिसतात तेवढ्याच. वर्षभराचा क्रम हवा असेल तर पावसाळ्यात तेरडा, सूर्यफूल आणि जलपर्णी, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचं ताट आणि हरभरा, आणि उन्हाळ्यात कण्हेर, तुळस, बाभळीची वाळकी फांदी असा धरा. बाभळीचं सुकं लाकूड मात्र पाण्यात उकळून मऊ केल्याशिवाय पात्याला लावू नका.